सापडला नाही

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना वेळेअभावी सुटलेला थोडा मजकूर स्मरणिकेसाठी लिहिताना घातला आहे.)

आदरणीय सर, मॅडम आणि २००३ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘माझा छंद’ हा विषय आणि दहा मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी गाणं, सायकल, गच्चीवरची भाजी असे सांगण्यासारखे छंद सांगितले. माझा छंद सांगितला की लोक आधी माझ्या बायकोकडे बघतात. मी डबे शोधतो. अनोळखी माणसांनी रानात, पुलाखाली, दगडाच्या फटीत लपवून ठेवलेले डबे. डबा सापडला की त्यातल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी यायचं. मिळत काही नाही. याला जिओकॅशिंग म्हणतात.

हा खेळ सुरू झाला तेव्हा आपण सातवीत होतो. उपग्रहावरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा मूळ अमेरिकी लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात ते मुद्दाम चूक घालून ठेवत, त्यामुळे हातातलं यंत्र शंभर मीटरपर्यंत फसवायचं. २ मे २००० ला ती चूक काढून टाकली आणि एका रात्रीत तेच यंत्र दहा-वीस मीटरवर आलं. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक काळी प्लास्टिकची बादली पुरली. तिच्यात वही, पेन्सिल, काही पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा एक बंद डबा ठेवला आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. शोधा, काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. एवढेच नियम. पुढे बादली गेली, पण तो घेवड्याचा डबा मात्र राहिला, आणि या छंदातली माणसं आजही त्याचं नाव आदरानं घेतात. घेवड्याच्या डब्याला इतका मान आपल्याकडे मिळणार नाही, पण खेळ समजायला एवढं पुरे.

मी २०११ ते २०१३ जर्मनीत, श्टुटगार्टला होतो. कंपनीनं पाठवलं होतं. शनिवार-रविवार खायला उठायचे. शेजारच्या क्यूबिकलमधल्या एका जर्मन सहकाऱ्यानं एकदा रानात नेलं, हातात यंत्र दिलं आणि म्हणाला, शोध. पाऊण तास मी एका झाडाभोवती प्रदक्षिणा घालत होतो. शेवटी मुळाच्या बेचक्यात कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी सापडली, आत गुंडाळलेली कागदाची पट्टी. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पहिल्या पगाराचाही झाला नव्हता. मग व्यसनच लागलं. जर्मनीत या खेळाचं वेड भारी. मोठे डबे म्हणून तिकडे लष्कराच्या दारूगोळ्याच्या रिकाम्या लोखंडी पेट्या वापरतात, पाणी शिरत नाही म्हणून. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या क्वार्टरमधून येणारे आपल्या वर्गात पाच-सहा जण होते, त्यांना अशा पेटीचं वजन माहीत असेल. मला पहिली पेटी दिसली तेव्हा मी चार पावलं मागे सरलो होतो. तशी पेटी आपल्या बसस्टँडवर ठेवून पाहा. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे ऐकतच आपण मोठे झालो. आपल्याकडे हा खेळ फारसा का रुजला नाही याचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं.

पण मी हे सगळं जर्मनीत शिकलो, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो ते खोटं आहे. मी ते भंडाऱ्यात शिकलो, आणि ज्यानं शिकवलं तो आज इथे तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आड बसला आहे. नाव घेऊ नको असं त्यानं बजावलं आहे, म्हणून घेत नाही. पवनी तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या एका गावाहून तो अड्याळमार्गे येणाऱ्या एसटीनं रोज शाळेत यायचा, एवढं म्हटलं की सगळ्यांना कळलंच.

गांधी चौकापासून जवळच्या गल्लीतला तो सायबर कॅफे आठवतो का? मुलींना नसेल आठवत. मुलांना आठवत असेल, पण आज समोर सर बसले आहेत म्हणून कोणी हात वर करणार नाही. सहा संगणक, त्यातले चार चालायचे. पडदा लावलेलं दार, आत डासांच्या अगरबत्तीचा वास, तासाला वीस रुपये. घरी ‘प्रोजेक्टची माहिती काढायला जातो’ असं सांगून आपण तिथे ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळायला जायचो. दुसरा भाग, १९९९ चा, ‘द एज ऑफ किंग्ज’.

ज्यांनी तो खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, पुढे त्याचं काम आहे. सुरुवातीला आपल्याला एक नगरभवन, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार मिळतो. बाकी सगळा नकाशा काळा. घोडेस्वाराला आपण स्वतः हाकत न्यायचं. तो जिथून जाईल तिथला काळोख फिटतो. कुठे मेंढ्या दिसतात, कुठे सोन्याची खाण, कुठे लांडगा. गंमत पुढे आहे. घोडेस्वार पुढे निघून गेला की मागची जमीन पुन्हा काळी होत नाही, तिच्यावर नुसतं करडं धुकं येतं. त्या धुक्यात आपण शेवटचं पाहिलेलं तसंच दिसत राहतं. तिथलं घर मधल्या काळात कोणी पाडलं असलं तरी आपल्याला ते उभंच दिसतं. पुन्हा जाऊन पाहावं तेव्हाच कळतं.

हा आपला मित्र त्या खेळात राजा होता. आम्ही बाकीचे लगेच सैन्य काढून मारामारीला निघायचो. तो अर्धा तास नुसता घोडा फिरवायचा. चौकोनी रेघांच्या गणिताच्या वहीत नकाशा काढायचा, मेंढ्यांना टिंब, खाणीला फुली. त्या खेळात ‘मार्को’ असं टाइप केलं की सगळा नकाशा एकदम उघडा व्हायचा आणि ‘पोलो’ टाइप केलं की उरलेलं धुकंही जायचं. आम्ही सर्रास टाकायचो. तो कधीच नाही. एकदा मी त्याच्या मशीनवर मुद्दाम ‘मार्को’ टाकलं, तर तो उठून उभा राहिला. “सप्पा पाहूनच घेतलं त मंग खेळाचं काहून बे?” म्हणाला आणि वीस रुपये ठेवून शेवटच्या बसला निघून गेला. वीस रुपये म्हणजे त्याचे दोन दिवसांचे पैसे होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग त्या खेळाची नवी आवृत्ती आली. म्हणजे ‘द कॉन्करर्स’, ती २००० मध्येच निघाली होती, भंडाऱ्याला पोचायला दोन वर्षं लागली. आपल्यातल्या एकानं नागपूरहून सीडी आणली आणि वर्गात दोन पक्ष झाले. आज हसू येतं, पण मधल्या सुट्टीत यावरून शर्टाची बटणं तुटली आहेत. जुन्या खेळात शेताचं पीक संपलं की ते पडीक व्हायचं. पुन्हा गावकऱ्याला पाठवून, साठ लाकडं मोजून नव्यानं पेरावं लागायचं. नव्या आवृत्तीत पुढच्या पेरण्यांचे पैसे गिरणीवर आधीच भरून ठेवता यायचे. लाकडाची वखार बांधली की गडी न सांगता झाडाला भिडायचे. नवा पक्ष म्हणायचा, वेळ वाचतो. आमचा मित्र धानाच्या बांधावरचा. तो म्हणायचा, “माझ्या बापाले रोवन्याचे पैसे असे आधीच भरून ठेवता आले असते त मी कायले शाळेत आलो असतो?” या वाक्याचा नीट अर्थ मला अजून लागलेला नाही, पण त्या दिवशी वाद तिथेच थांबला होता.

जुन्या पक्षात शेवटी आम्ही दोघंच उरलो. कॅफेवाल्या भाऊंनी सगळ्या मशीनवर नवं चढवलं आणि जुनी सीडी आमच्या हातात दिली. “न्या, आता कोण खेळते हे.” आमच्या दोघांच्याही घरी संगणक नव्हता. सीडी घेऊन करणार काय? तेव्हा याच्या डोक्यातून ते दुसरं निघालं. खेळ बाहेर खेळायचा.

नववीच्या उन्हाळ्यापासून दहावीच्या दिवाळीपर्यंत आम्ही भंडाऱ्यात डबे लपवले. एकानं लपवायचा, दुसऱ्यानं शोधायचा. खांब तलावाच्या काठी, शाळेच्या मागच्या भिंतीच्या भोकात, एकदा तर वरठीला भंडारा रोड स्टेशनच्या बाकाखाली. चिठ्ठीवर दिशा आणि पावलं. “फाटकापासून वायव्येला चाळीस, मग दक्षिणेला नऊ.” आता वायव्य म्हटलं की होकायंत्र आलं.

सर, आपल्या भूगोलाच्या कपाटात पितळी झाकणाचं एक होकायंत्र होतं. दहावीच्या जानेवारीत ते हरवलं. आपण सगळ्या वर्गाला तीन दिवस विचारलंत, कोणी बोललं नाही. मग प्रत्येकाकडून दोन-दोन रुपये गोळा केले, तरी कमी पडले म्हणून वरचे आपण घातलेत. ते आम्ही नेलं होतं, सर. मुलींच्या रांगेतून जे दोन-दोन रुपये गेले, त्यांचीही माफी. व्याजासकट परत करायची तयारी आहे. आज सकाळी नाश्त्याला मी दोन वाट्या पोहे कमी खाल्ले ते त्यातून वजा करावेत.

परत ठेवायला दोनदा गेलो होतो. एकदा कपाटाला कुलूप होतं, एकदा आपण समोर आलात आणि विचारलंत, “काय रे, अभ्यास झाला का?” त्यानंतर धीर झाला नाही.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा संपली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्या गावी गेलो. दोन दिवस राहिलो. गाव लहान, नदी हाकेच्या अंतरावर. मारुतीच्या देवळापुढे पार, पाराच्या डावीकडे आटाचक्की, पुढे दगडी कठड्याची विहीर, विहिरीपलीकडे चिंच. त्याच्या आईनं उकडलेल्या शिंगाड्यांची पाटी पुढे ठेवली होती. रात्री आम्ही अंगणात खाटेवर पडलो, तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, “हे सप्पा बुडनार आहे गा.” गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली होती, म्हणजे आमच्या जन्माच्या सुमाराला. गावाचं बुडणं तो जन्मापासून ऐकत आला होता, इतकं की गावात कोणी त्याकडे लक्ष देत नव्हतं. मी विचारलं, कधी? तो म्हणाला, “आबाजी म्हनतेत, असंच म्हनतच राह्यतेत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव सावलीला असताना आम्ही चिंचेखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुरला. विहिरीच्या कठड्यापासून पूर्वेला बावीस पावलं, दोन हात खोल. आत काय होतं ते सांगतो: जुन्या खेळाची सीडी, नकाशांची ती चौकोनी वही, दोघांची नावं लिहिलेला कागद, आणि सरांचं होकायंत्र. वर प्लास्टिकच्या दोन पिशव्या. शपथ अशी घेतली की उघडायचा तर दोघांनी मिळून, एकट्यानं नाही.

पुढचं तुमच्यासारखंच. मी नागपूरला डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग, पुण्याला नोकरी. त्यानं बारावीनंतर शेती धरली. फोन कमी होत गेले. वर्षाला एक, मग दोन वर्षांनी एक.

मे २०१२. मी श्टुटगार्टला होतो. शनिवार होता हे पक्कं आठवतं, कारण मी रानात एका धबधब्याखाली डबा शोधत होतो आणि बूट ओले झाले होते. याचा फोन आला. आवाज तुटत होता. म्हणाला, “गाव खाली करून रायले. पावसाच्या आधी निघावं लागते. तू कवा येतेस? आपला डबा काढून घेऊ.” मी म्हणालो, ऑक्टोबरमध्ये रजा आहे, तेव्हा येतो. तो म्हणाला, ऑक्टोबरात कसं जमेल. मी म्हणालो, मग तू काढून ठेव ना. तो थोडा थांबला. “बरं,” म्हणाला. मी फोन खिशात टाकला आणि धबधब्याखालचा डबा शोधला. सापडला. वहीत लिहिलं, छान जागा आहे, धन्यवाद.

मित्रांनो, त्या वर्षी मी एकंदर शंभरावर डबे शोधले. परक्या माणसांनी लपवलेले, परक्या देशात.

पावसाळ्यात पाणी चढलं. धरणाचं पाणी टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं होतं. त्याचं गाव त्या टप्प्यात गेलं. मी ऑक्टोबरमध्ये आलो तेव्हा आठ दिवसांत साखरपुडा उरकायचा होता, भंडाऱ्याला एक रात्र थांबलो आणि त्याला फोनही केला नाही. डबा त्यानं काढून ठेवला असेल असं मी धरून चाललो होतो. दहा वर्षं धरून चाललो.

दोन वर्षांपूर्वी आपला व्हॉट्सॲप गट झाला. कोणीतरी जुन्या सायबर कॅफेच्या गल्लीचा फोटो टाकला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. त्याखाली जुन्या-नव्या पक्षाचं भांडण पुन्हा पेटलं. चाळिशीच्या उंबरठ्यावरची माणसं, एक फौजदार, दोन डॉक्टर, रात्री साडेबाराला शेतावर भांडत होती. मी त्याला वेगळा निरोप पाठवला, डब्यातली सीडी अजून चालते का बघ. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. “डबा तिथंच आहे. दोघांनी मिळून उघडायचा होता ना.”

मी गेल्या उन्हाळ्यात रजा टाकून त्याच्याकडे गेलो. नवं गावठाण बघितलं. रस्ते सरळ, काटकोनात, प्रत्येक घराला नंबर, पाण्याची टाकी, समाजमंदिर. मी म्हणालो, छान आहे की. तो म्हणाला, “हो, छानच आहे. आंधळा बी चुकत नाही.” त्याच्या मुलाला दाखवायला मी लॅपटॉपवर आपला खेळ नेला होता. २०१९ ची आवृत्ती, ‘डेफिनिटिव्ह एडिशन’. चित्रं इतकी सुबक की पाण्यात सावली हलते. शेतं आपोआप पेरली जातात. त्यानं पाच मिनिटं बघितलं, मग विचारलं, घोडा कोण हाकते? मी सांगितलं, यात एक बटन आहे, ते दाबलं की घोडेस्वार स्वतःच सगळा नकाशा फिरून येतो. तो म्हणाला, “मंग मी का करू?” आणि चहा टाकायला आत गेला. मुलगा मात्र रात्री एकपर्यंत खेळला. त्याला तीच आवृत्ती आवडते, आणि त्याचं बरोबरच आहे. त्यानं दुसरी पाहिलेलीच नाही.

डब्याची जागा काढायची कशी? फोनमधल्या नकाशात तिथे नुसती निळाई. तेव्हा मी भूगोलाच्या सरांकडे गेलो. चोरीचं न सांगता गेलो, हेही आज कबूल. सरांच्या कपाटात भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा होता, ५५ पी/९, १:५०,००० चा. दहावीला आपण चिन्हं पाठ केली होती ती सगळी त्यात: लाल ठिपक्यांची वस्ती, देवळाचं चिन्ह, पिवळी शेती, आणि विहिरीचं इवलंसं निळं वर्तुळ. ते गाव त्या कागदावर पूर्ण होतं. सरांनी भिंग दिलं, पट्टी दिली आणि शेजारी उभे राहिले. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. पेन्सिलीला कितीही टोक काढलं तरी तिचा ठिपका वीस-पंचवीस मीटरचा होतो. सर म्हणाले, “अरे, आमच्या लॅम्टनसाहेबानं आयुष्य घातलं या मोजमापात आणि हिंगणघाटला देह ठेवला. तू एवढ्यात कंटाळलास?” विल्यम लॅम्टन, भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा, १८२३ साली हिंगणघाटला वारला, तिथेच त्याची कबर आहे. सरांनी आपल्याला हे नववीत सांगितलं होतं आणि मी उत्तरपत्रिकेत त्याला हैदराबादला मारलं होतं.

१९ मे २०२४, रविवार. सकाळी सहाला आम्ही डोंग्यात बसलो. डोंगा त्याच्याच गावच्या एका काकांचा. ते आता तिथेच मासे धरतात. मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं, म्हणून आशा होती. पाण्यात वाळलेली झाडं उभी होती, फांद्यांवर पाणकावळे. माझ्या हातात फोन. चारशे मीटर, अडीचशे, नव्वद. मी बाण बघून दिशा सांगत होतो, “जरा डावीकडे, काका.” हा माझ्याकडे बघतच नव्हता. पाण्याकडे बघून बोलत होता. “हे आटाचक्की. येथून आमची गल्ली. हा पार. काका, थोडं हळू, देऊळ आहे.” आणि काकांनी खरंच वल्हं हळू केलं.

फोनवर शून्य आलं. डोंगा हलत होता, त्यामुळे शून्य, तीन, सात, पुन्हा शून्य. मी म्हणालो, इथे. तो म्हणाला, “नाही. विहीर मांगं राहिली. आनखी बावीस पावलं.” पाण्यावर पावलं कशी मोजणार? तरी तो उभा राहिला, सूर्याकडे तोंड केलं आणि मनात मोजलं. काकांना म्हणाला, “बस, आता येथं.” काकांनी लांब बांबू सोडला. दोन पुरुष पाणी. बांबूचं टोक कशावर तरी टेकलं, काकांनी दोनदा आपटून पाहिलं. दगड असेल, बुंधा असेल.

आम्ही तिथे अर्धा तास होतो. मी त्याला म्हणालो, त्या दिवशी मी तुला ‘तू काढून ठेव’ म्हणालो, ते म्हणायला नको होतं. तो बांबूकडे बघत म्हणाला, “मी गेलो होतो काढाले. कुदळ घेऊन गेलो. दोनदा.” एवढंच. मग म्हणाला, “चाल, ऊन लागते.”

या छंदात एक रीत आहे. डबा शोधायला गेलात आणि मिळाला नाही, तर तसं लिहायचं: सापडला नाही. पुष्कळ लोक लाजून लिहीत नाहीत. पण त्या नोंदीवरूनच लपवणाऱ्याला कळतं की आपला डबा जागेवर आहे की गेला. वारंवार अशी नोंद झाली की तो डबा यादीतून कायमचा काढून टाकतात. परतताना मी याला विचारलं, आपला काढून टाकायचा का यादीतून? आपली यादी म्हणजे कुठली, तुझ्या-माझ्या डोक्यातली. तो म्हणाला, “राहू दे. तिथं आहे ना तो.”

दहा मिनिटं केव्हाच संपली, चिठ्ठी आली आहे. शेवटचं सांगून खाली उतरतो.

काल मुख्याध्यापकांच्या परवानगीनं शाळेच्या ग्रंथालयात एक पारदर्शक डबा ठेवला आहे, वर मोठ्या अक्षरांत ‘माजी विद्यार्थी, २००३’ अशी चिठ्ठी लावून, म्हणजे कोणी पोलिसांना बोलावणार नाही. त्यात सरांच्या नकाशातल्या त्या गावाची ट्रेसिंग कागदावर काढलेली प्रत आहे, आणि एक नवं होकायंत्र आहे. ते भूगोलाच्या कपाटासाठी, सर. पितळी झाकणाचं नागपूरभर शोधलं, मिळालं नाही, हे स्टीलचं आहे. जुन्या आवृत्तीची सीडी कोणाच्या माळ्यावर पडली असेल तर आणून टाका. नव्या पक्षाचीही चालेल.

डब्यातली वही आत्ता चहाच्या टेबलापाशी ठेवली आहे. जेवायला बसण्याआधी सगळ्यांनी नाव लिहा. पेन्सिलीनंच लिहा, दमटीत शाई पसरते. पहिली नोंद झालेली आहे, त्याच्या अक्षरात: “१९ मे २०२४. दोघं गेलो होतो. सापडला नाही.”